ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या खेड्यात राहून गरवायचं असेल, तर घर कुठल्या नदीवर घ्यावं?

प्रश्न असा आहे. इंग्लंडमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब ऑगस्टमध्ये दोन आठवडे फ्रान्सच्या ग्रामीण भागात घर भाड्याने घेणार आहे. वडिलांनी लहानपणी सिंधुदुर्गात ओढ्यावर, खाडीवर गरी टाकलेली. अकरा वर्षांच्या मुलीला आता तोच नाद लागलाय. आई एखाद दिवस काठी धरायला तयार आहेत. घर कुठल्या नदीजवळ घ्यावं, परवान्याचं काय, ट्राउट मिळेल का आणि धरलेला मासा खाता येतो का, एवढं त्यांना हवंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. गाडीचा प्रवास कमी हवा असेल तर वायव्येकडची मायेन नदी. दक्षिणेपर्यंत उतरायची तयारी असेल तर लोत, काओर गावाच्या आसपास. ट्राउटचा विचार या सहलीपुरता सोडून द्या.

मी तुलूझजवळ राहतो. लोत आणि तार्न ही माझी नेहमीची पाणी, बाकीच्या नद्यांवर पाहुण्यांना घेऊन किंवा स्वतःच्या हौसेने जाणं होतं. सुट्टीवर येणारे लोक बहुतेक नदीचं नाव विचारतात, आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. दोर्दोन्यचंच बघा. ती प्युइ द सांसी या 1886 मीटर उंचीच्या डोंगरावर उगम पावते तेव्हा ट्राउटचा ओढा असतो. मग बोर-लेझ-ऑर्गपासून आर्जांतापर्यंत एकामागून एक धरणं लागतात, तिथे ती नदीपेक्षा तलावांची साखळी जास्त वाटते. आर्जांताखाली पुन्हा थंड, वेगवान. बेनाकच्या किल्ल्याखाली रुंद आणि उथळ, शेवटी भरती-ओहोटीचं पाणी. म्हणजे "दोर्दोन्यवर मासे आहेत का" या प्रश्नाला अर्थ नाही. कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या महिन्यात, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. तुमचा महिना ठरलेला आहे, त्यामुळे टप्पा त्याला साजेसा निवडायचा.

फ्रान्समध्ये सगळं वाहतं पाणी कायद्याने दोन वर्गांत विभागलेलं आहे. पहिल्या वर्गात ट्राउट आणि तिच्या नात्यातले मासे प्रमुख. दुसऱ्यात कार्प, ब्रीम, रोच, बार्बेल आणि त्यांच्यावर जगणारे पाइक, झँडर, पर्च. पहिला वर्ग मार्चच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी बंद होतो. कागदावर बघितलं तर ऑगस्टमध्ये ट्राउटला मोकळीक आहेच. पण पाणी कागद वाचत नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की ओढे फुगतात, चढणीचे मासे वर येतात, आणि जून-जुलै हाच नदीचा भरतीचा काळ. इथे उलट आहे. हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या पावसाने, डोंगराकडे बर्फ वितळून, नद्या भरतात, आणि ऑगस्टच्या सुमारास सगळ्यात बारीक होतात. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटचं खाणं मंदावतं, आणखी वर गेलं की तिला श्वास घेणंही जड जातं. त्या अवस्थेत तिला गळाला लावून सोडून दिलं तरी ती जगेलच असं नाही. 2022 च्या दुष्काळात कित्येक ठिकाणी प्रवाहाच्या जागी नुसते गोटे उरले होते. अशा वेळी जिल्ह्याचा प्रशासक पहिल्या वर्गातली मासेमारी काही आठवड्यांसाठी बंदही करू शकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी 'व्हिजीओ' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकून पाणीटंचाईचे निर्बंध काय आहेत ते बघून घ्या.

दुसऱ्या वर्गाचं पाणी मात्र ऑगस्टमध्येच रंगात येतं. संथ, कोमट, कडेला वाढलेलं गवत, वर झुकलेली झाडं. मुलीसाठी हेच हवं.

मायेनबद्दल आधी. पोर्ट्समथहून रात्रीची बोट घेतलीत तर सकाळी काँला उतरता, आणि दुपारच्या जेवणाआधी लाव्हालला पोचता. ही नदी एकोणिसाव्या शतकात बोटींसाठी बांधून काढली. मायेन गावापासून आंजेच्या दिशेने चाळीसहून अधिक लॉक, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजे, प्रत्येक लॉकशेजारी बंधारा आणि लॉकवाल्याचं छोटं घर. बाजूने बोटी ओढण्यासाठी केलेली सपाट वाट अजून शाबूत आहे आणि आता तिच्यावरून सायकली चालतात. याचा गरवणाऱ्याला फायदा असा की नदीपर्यंत पोचायला काटेकुटे तुडवावे लागत नाहीत, दर काही किलोमीटरवर पाण्याचा प्रकार बदलतो, आणि एखादी जागा मानवली नाही तर सायकलवर काठी टाकून पुढच्या बंधाऱ्यावर जाता येतं. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला खोल, संथ पाणी. तिथे ब्रीम आणि रोचचे थवे. खालच्या बाजूला फेसाळ, प्राणवायू भरलेलं पाणी. उकाड्यात पर्च आणि चब तिथे गोळा होतात. लाव्हाल ते शातो-गोंतिए हा पट्टा मला सगळ्यात आवडतो. गावं लहान, सावली भरपूर, आणि पर्यटकांची झुंबड नाही. मोठ्या माशांच्या गप्पा मारायला ही नदी कमी पडेल, पण मुलीचा फ्लोट (दोरावरचं तरंगतं बोंडुक) दिवसभर हलत राहील याची खात्री जास्त. अकरा वर्षांच्या पोरीला एक मोठा मासा चार दिवसांनी मिळण्यापेक्षा एका सकाळी वीस लहान मासे मिळालेले बरे. माझं हे मत अनेक वडिलांना पटत नाही, कारण मोठा मासा खरं तर त्यांनाच हवा असतो.

आता लोत. ही नदी माझ्या पक्षपाताचा विषय आहे हे आधीच सांगून टाकतो. सेव्हेनच्या डोंगरात उगम, मग चुनखडीचे उभे कडे कापत इतकी वळणं घेते की काओर आणि ल्युझेश ही गावं जवळजवळ तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली आहेत. काओरला चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल आहे, नदीकाठच्या उतारावर माल्बेक द्राक्षांचे मळे. इथेही जुन्या गिरण्यांचे तिरपे बंधारे आहेत आणि त्यांच्यामुळे नदीचे लांबलचक डोह झालेले आहेत. बुझिएस आणि सें-सिर्क-लापोपीपासून काओरपर्यंतचा पट्टा देखणा, तर ल्युझेशपासून प्युई-लेव्हेकपर्यंतचा खालचा भाग जास्त मासाळ. घर घ्यायचं तर मी खालच्या भागात घेईन. देखण्या भागात ऑगस्टमध्ये भाडी दुप्पट आणि गाडी लावायला जागा नाही.

लोतवर दिवसाची विभागणी महत्त्वाची. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत भाड्याच्या बोटी फिरतात, मुलं पाण्यात उड्या मारतात, ऊन पस्तीस अंशांपर्यंत चढतं. तेवढा वेळ बाजार, गुहा आणि झोप यांना द्या. पहाटे साडेसहाला काठावर असा. संध्याकाळी साडेसातनंतर पुन्हा. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, आणि शेवटचा तासभर नदी एकदम जागी होते.

सकाळी चबसाठी जा. हा मासा इथे 'शेव्हेन' नावाने ओळखला जातो, काहीही खातो आणि सावलीलाही घाबरतो. झाडांच्या फांद्या जिथे पाण्यावर वाकल्यात तिथे वरच्या अंगाने चालत या, गुडघ्यावर बसा, आणि पावाच्या कवचाचा तुकडा गळाला लावून नुसता वाहू द्या. ना फ्लोट, ना शिसं. ऑगस्टमध्ये गवतातले नाकतोडे हे त्याहून चांगलं आमिष, आणि ते पकडण्यात मुलीचा एक तास मजेत जाईल. एल्डरची काळी फळं पाण्यावर पडायला लागली असतील तर चब फक्त त्याच झाडाखाली उभा असतो. तेव्हा दुसरं काही दाखवू नका. चब धरला म्हणून जेवणाचा बेत मात्र करू नका. काटेच काटे.

बार्बेलसाठी बंधाऱ्याखालचा गोट्यांचा, ओढ असलेला तळ. हा आपल्या खडस माशाचा, म्हणजे मासीरचा, लांबचा भाऊबंद. तसाच तळाशी चिकटून राहणारा, मिशाळ, आणि लागला की दमछाक करणारा. भांगेचं बी उकडून, मक्याचे दाणे मिसळून फीडरमध्ये, म्हणजे दोराला बांधलेल्या जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, भरायचं आणि गळाला मका किंवा ग्रुइएर चीजचा चौकोनी तुकडा लावायचा. चीज ऐकून हसू नका, इथले म्हातारे पिढ्यानपिढ्या तेच लावत आले आहेत. वळवाचा पाऊस होऊन पाण्याला चहाचा रंग आला तर ती संध्याकाळ अजिबात चुकवू नका.

झँडर, फ्रेंचमध्ये 'सांद्र', हा लोतचा मानाचा मासा. रबरी मासोळी तळाला घासत हळूहळू ओढायची, तीही उजाडताना किंवा मावळताना. दुपारी झँडरच्या मागे लागणं म्हणजे व्यायाम. कार्पसाठी लोतचं नाव युरोपभर आहे, पण कार्पचा खेळ वेगळा. त्याला दोन-तीन दिवस एकाच जागी ठाण मांडून आमिष पेरावं लागतं, आणि कुटुंबासोबतच्या सुट्टीत ते जमत नाही. आधीच सांगतो, घरी भांडणं होतात.

आणि मग 'सिलूर', म्हणजे इथला राक्षसी कॅटफिश. दोन मीटरच्या पुढे जातो. गारोन, तार्न, लोत, सोन, रोन, ल्वार, सगळीकडे पसरलाय. तार्नवर आल्बी गावात त्याने कबुतरं धरायला सुरुवात केली. काठावर पाणी प्यायला उतरलेल्या कबुतरावर तो झेप घेतो, क्षणभर वाळूवर येतो आणि पक्षी घेऊन परत पाण्यात जातो. तुलूझच्या संशोधकांनी 2012 मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला, त्यात अशा झेपांपैकी 28 टक्के यशस्वी झाल्याची नोंद आहे. लोतवर राहिलात तर आल्बीला एक दिवस जा, जुन्या पुलावरून खाली बघत उभे राहा. पण मुलीसोबत सिलूर गळाने धरायचा बेत करू नका. त्याची काठी, दोर, रीळ सगळं वेगळं आणि जड. हवाच असेल तर परवानाधारक वाटाड्या घ्या. त्याच्याकडे बोटही असते.

दोर्दोन्य आणि तिची उपनदी व्हेझेर यांचा मोह पडणारच, कारण लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा आणि किल्ले तिकडेच. व्हेझेरवर लेझ-एझीजवळ एका कपारीच्या छतावर सुमारे मीटरभर लांबीचा सामन मासा कोरलेला आहे, अंदाजे 25 हजार वर्षांपूर्वीचा. गरवणाऱ्याने तो बघितलाच पाहिजे. प्रवेश मोजक्याच लोकांना असतो, म्हणून आधी नोंदणी करा. मासेमारीसाठी मात्र दोन अडचणी. सुयाकच्या खालपासून बेनाकपर्यंत ऑगस्टच्या दिवसात कनूंची इतकी रांग लागते की गळ टाकायला फट मिळत नाही. पहाटे आठ-साडेआठपर्यंत नदी तुमची, मग त्यांची. लिमोयला दोन्ही नद्यांचा संगम आहे, तिथे संध्याकाळी बरं असतं. दुसरी अडचण वरच्या भागातली, आणि ती गंभीर आहे. आर्जांताच्या परिसरात वीज कंपनी मागणीनुसार धरणातून पाणी सोडते. आभाळ निरभ्र असतानाही अर्ध्या-पाऊण तासात पाणी गुडघ्यावरून कमरेवर येऊ शकतं. काठावर पिवळे धोक्याचे फलक आहेत, त्यांवर पाण्यात अडकलेल्या माणसाचं चित्र असतं. नदीच्या मधल्या बेटावर किंवा गोट्यांच्या पट्ट्यावर लेकराला घेऊन जाऊ नका. काठाजवळच्या एका दगडावर नजर ठेवा. तो ओला व्हायला लागला की बाहेर.

ल्वारबद्दलही हेच, पण कारण वेगळं. हजार किलोमीटरची ही नदी फ्रान्समधली सगळ्यात लांब, आणि उन्हाळ्यात तिचे वाळूचे पट्टे इतके शांत दिसतात की चालत पलीकडे जावंसं वाटतं. ती वाळू खालून पोखरलेली असते. पोहायला तिथे बहुतेक ठिकाणी बंदी आहे आणि दरवर्षी कुणीतरी ती मोडून बुडतं. काठावरून मासेमारी मात्र उत्तम. कांद-सें-मार्तांला व्हियेन नदी तिला मिळते, त्या संगमावर पहाटे ॲस्प नावाचा चंदेरी शिकारी मासा पृष्ठभागावर लहान माशांचे थवे फोडत असतो. सोम्युरजवळ झँडर आणि बार्बेल. नवराबायकोची सहल असती तर मी ल्वार सुचवली असती. मुलीसोबत नको.

आता ज्या नद्यांची नावं मासेमारीच्या मासिकांत झळकतात त्यांचं थोडक्यात. फ्रांश-कोंतेतल्या दू आणि लू या माशी लावून गरवणाऱ्यांच्या पंढऱ्या. तिथली जमीन चुनखडीची, सच्छिद्र. 1901 च्या ऑगस्टमध्ये पोंतार्लिएचा पेर्नो कारखाना जळाला, ॲब्सिंथ दारूचा साठा दू नदीत सोडून दिला गेला, आणि दोनेक दिवसांनी लूच्या उगमाला दारूचा वास येऊ लागला. दूचं पाणी जमिनीखालून लूला मिळतं हे लोकांना असं कळलं. दारूच्या जागी शेतातलं खत आणि गावांचं सांडपाणी ठेवा, म्हणजे गेल्या दशकभरात लूमध्ये मासे का मरत आले याचा अंदाज येईल. दूचा वरचा भाग तर 2018 आणि 2022 मध्ये कोरडा पडला. ऑगस्टमध्ये त्या नद्यांना त्रास देऊ नये असं माझं मत. मे-जूनमध्ये एकटे जा.

नॉर्मंडीच्या रिल आणि आंदेल या झऱ्यांवर पोसलेल्या नद्या उन्हाळ्यातही थंड राहतात, पण तिथले बरेच काठ खासगी क्लबांकडे. ब्रिटनीतल्या एले आणि स्कोर्फवर सामन आहे. त्यासाठी वेगळं, महागडं शुल्क आणि वेगळे नियम. पिरेनीजमधले डोंगरी ओढे, उंचावर गेलात तर, ऑगस्टमध्येही ट्राउट देतात, मात्र पायपीट मोठी. आणि ट्राउटशिवाय जीव राहणारच नसेल तर प्रोव्हान्समधली सोर्ग. तिचं पाणी फोंतेन-द-व्होक्लुझच्या कुंडातून वर येतं, वर्षभर साधारण 12-13 अंशांचं. भर ऑगस्टमध्ये तिच्यात पाय घातला तर कळ येते. ट्राउट आणि ग्रेलिंग दोन्ही आहेत. पण मासे शिकलेले आहेत, दोर केसासारखा लागतो आणि गावात गर्दी जत्रेसारखी असते.

परवान्याचं काम सोपं आहे. 'कार्त द पेश' याच नावाचं राष्ट्रीय संकेतस्थळ आहे, त्यावर दहा मिनिटांत कार्ड निघतं. गावातल्या 'तबाक' म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात किंवा मासेमारीच्या साहित्याच्या दुकानातही मिळतं. देशात साडेतीन हजारांहून अधिक स्थानिक मासेमार संघटना आहेत आणि कार्ड घेणं म्हणजे त्यांपैकी एकीचं सभासद होणं. तुम्ही सलग सात दिवसांचं साप्ताहिक कार्ड घ्या, तीस-पस्तीस युरोंच्या आसपास पडतं. दोन आठवड्यांसाठी दोन. एक जानेवारीला मुलीला बारा पूर्ण झालेली नसतील तर तिचं वर्षभराचं कार्ड सात-एक युरोत येतं. आईंसाठी स्त्रियांचं खास वार्षिक कार्ड आहे, एका काठीपुरतं. पण एखाद दिवसच बसणार असतील तर दिवसाचं कार्ड पुरे. संघटना निवडताना ती परस्पर करारातली आहे ना हे बघा, म्हणजे शेजारच्या संघटनांच्या पाण्यावरही तेच कार्ड चालतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत "बागेला लागून नदी, मासेमारी मोफत" असं लिहिलेलं असतं. काठ घरमालकाचा असेल आणि त्याने परवानगी दिली असेल, तरी वाहत्या नदीवर कार्ड लागतंच. सूट आहे ती बंदिस्त खासगी तळ्याला.

काठावर कुठे बसता येतं याचंही दोन प्रकारांत उत्तर आहे. मायेन, ल्वार, लोतचा बराचसा खालचा भाग हे सार्वजनिक पाणी. तिथे कुठल्याही संघटनेचं कार्ड असलं तरी एका काठीने गरवता येतं, आणि काठावरची सव्वातीन मीटरची पट्टी पायी जाणाऱ्यासाठी आणि गरवणाऱ्यासाठी मोकळी ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. गाडी आणि तंबूला ते लागू नाही. लहान नद्या आणि ओढे खासगी. तिथे काठाचा मालक अर्ध्या पात्रापर्यंत मासेमारीचा धनी. बहुतेक ठिकाणी संघटनेने त्याच्याशी करार केलेला असतो, आणि तसा फलक असतो. 'पेश आंतेर्दित' म्हणजे बंदी, 'रेझेर्व' म्हणजे राखीव, तिथेही बंदीच. 'नो-किल' म्हणजे प्रत्येक मासा परत. बंधाऱ्यावर किंवा लॉकच्या भिंतीवर उभं राहून गळ टाकू नका, आणि माशांसाठी केलेल्या पायऱ्यांच्या आसपास तर नकोच. तपासनीस येतात, विनम्र असतात, दंड मात्र करतात.

बाकी नियमांतले तुमच्या कामाचे एवढेच. मासेमारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. रात्री फक्त कार्पला, तेही ठरवून दिलेल्या पट्ट्यांत. दुसऱ्या वर्गात चार काठ्यांपर्यंत परवानगी असते, पण तुम्हाला माणशी एकच पुरेल. ठेवायचा असेल तर पाइक किमान 60 सेंटीमीटरचा आणि झँडर 50 चा. पाइक, झँडर, ब्लॅक बास मिळून दिवसाला तीन, त्यांत पाइक दोनच. काही जिल्ह्यांत याहून कडक माप आहे, कार्ड घेताना जिल्ह्याची पुस्तिका उतरवून घ्या. एक गंमतीचा वाटेल असा नियमही आहे. लोतवर मुलीच्या गळाला 'पर्श-सोलेय' हा निळ्या-नारिंगी ठिपक्यांचा छोटा मासा नक्की लागणार. तो इतका सुंदर असतो की ती लगेच सोडून देईल. पण हा उपरा मासा जिवंत पाण्यात परत सोडायला कायद्याने मनाई आहे. 'प्वासों-शा' या लहान कॅटफिशचंही तेच, आणि त्याच्या परांना शिंगाळ्यासारखे काटे असतात, म्हणून तो फडक्याने धरा. हे मुलीला आधी सांगून ठेवा. पाण्याकाठी सांगायला गेलात तर रडारड होईल.

खाण्याचं. झँडर आणि पर्च हे सगळ्यात गोड, काटा कमी. रोच, गजन, ब्लीक असे बोटभर मासे इथे पीठ लावून कुरकुरीत तळतात, त्याला 'फ्रित्यूर' म्हणतात. तुम्ही रवा आणि तिखट-हळद लावलीत तर कुणी तक्रार करणार नाही. बार्बेल खायचाच असेल तर त्याची गाबोळी फेकून द्या, ती विषारी असते, उलट्या-जुलाबांनी सुट्टी वाया जाईल. आपल्याकडे गाबोळी आवडीने खातात म्हणून मुद्दाम सांगतोय. ईल लागली तर सोडून द्या. युरोपातली ईल नामशेष होण्याच्या काठावर आहे. मोठ्या औद्योगिक नद्यांच्या तळाशी राहणारे मासे खाऊ नका. पीसीबी रसायनांमुळे रोनच्या माशांवर 2007 मध्ये खाण्याचीच बंदी आली होती. लोत-मायेनवर घरापुरता मासा नेताना गावातल्या दुकानदाराला एकदा विचारून घ्या.

साहित्य इंग्लंडहूनच आणा, मुलीसाठी चार मीटरची हलकी, बिनरिळाची काठी आणि तुमच्यासाठी एक मध्यम फीडर रॉड एवढं पुरे. राहिलं तर कुठल्याही मध्यम शहरातल्या डिकॅथलॉनमध्ये मिळेल. वाटेत दुसऱ्या पाण्यावर वापरलेली जाळी आणि बूट मात्र धुऊन, कडकडीत वाळवून मगच नव्या नदीत घाला, आणि परतीच्या बोटीआधीही तसंच.

दुपारच्या निष्क्रिय तासांसाठी मुलीला क्रेफिश धरायला शिकवा. शेवंडीचा गोड्या पाण्यातला पिटुकला नातेवाईक. लोतच्या बाजूच्या ओढ्यांत अमेरिकेहून आलेल्या जाती माजल्या आहेत. लोखंडी कडीची उथळ जाळी मिळते, तिच्यात माशाचं डोकं बांधून ती तळाशी ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी झटक्यात वर उचलायची. माणशी सहा जाळ्यांपर्यंत परवानगी आहे, कार्ड तेच. अमेरिकन क्रेफिश जिवंत घरी नेता येत नाहीत, जागेवरच मारावे लागतात; आणि खालून पांढऱ्या नांग्यांचा लहान, देशी क्रेफिश आला तर तो लगेच पाण्यात. दोन्हींतला फरक संघटनेच्या फलकावर चित्रासह दिलेला असतो.

घर नक्की करण्याआधी मालकाला तीनच गोष्टी विचारा. नदीपर्यंत गाडीने न जाता किती मिनिटं लागतात, त्यांच्या काठापुढचा पट्टा कुठल्या संघटनेकडे आहे, आणि आमिषाच्या अळ्यांचा डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला चालेल का. तिसऱ्याला नकार आला तर मका आणि पाव आहेच.